वाहणे, सोसणे, फळ धरणे

११ सप्टेंबर

आज मोठ्या सरांनी मला 'बेअर' दिला. जुन्या कोशात त्याला जेमतेम अर्धा रकाना आहे, नव्या आवृत्तीत दोन पानं तरी होतील. इंग्रजीतलं साधं, रोजच्या वापरातलं क्रियापद – आणि 'बी'च्या खंडात याच्याएवढा चिवट शब्द दुसरा नाही. ऑफिसातल्या सगळ्यांनी त्याला वळसा घातला होता. सरांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "हा तुमच्याशिवाय कुणाला पेलायचा नाही."

वरचीच चिठ्ठी: मूल पोटात वाढवणे, जन्म देणे.

मी गठ्ठा पालथा घातला. भर उकाड्यात सैल स्वेटर घालून बसते हल्ली. कुणी विचारलं तर सांगते, पंख्याचा वारा बाधतो. पाचवा महिना लागलाय. नवऱ्याला ठाऊक, सासूबाईंना ठाऊक, डॉक्टरीणबाईंना ठाऊक. ऑफिसात कुणालाच नाही. मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसले होते. सहाव्या महिन्यापर्यंत सगळे हसून विचारायचे. मग एकेकाला परत सांगत फिरावं लागलं, की आता विचारू नका.

या वेळी नाही.

१४ सप्टेंबर

चिठ्ठ्या लावतेय. प्रत्येकीवर एक इंग्रजी वाक्य, खाली मोकळी जागा. तिथे मराठी अर्थ आम्ही लिहायचा. एका अर्थाच्या चिठ्ठ्यांचा एक ढीग. वाहणे. पेलणे – खांब छत पेलतो तसं. फळ धरणे. मनात अढी धरणे. साक्ष देणे. रस्त्यात डावीकडे वळणे – हा यांच्यात कुठून घुसला देव जाणे. आणि सोसणे.

सोसण्याचा ढीग सगळ्यात उंच. गंमत अशी की त्यातल्या बहुतेक वाक्यांत नकार आहे. सोसवत नाही. सोसणार नाही. हे कसं सोसावं. 'मी सोसलं' असं सरळ म्हणणारं माणूस ढिगात शोधावं लागतं. जे सोसतात ते बोलत नसावेत.

१५ सप्टेंबर

आज हललं. नक्की. डबा खात होते. घास हातातच राहिला.

नवऱ्याला सांगितलं नाही अजून. सांगितलं की तो रोज विचारेल.

२२ सप्टेंबर

व्युत्पत्तीसाठी सरांकडे गेले. शब्दाच्या मुळाशी पोचले की सर खुर्चीत पुढे सरकतात. "अहो, हा तर आपल्याच घरातला," म्हणाले. "संस्कृतातला भृ. वाहणे, पोसणे. त्यातून आपला भार, आपलं भरणं, आपले आभारसुद्धा. तिकडे गेलेल्या भावाचं नाव बेअर पडलं. एका आईची लेकरं, लहानपणी ताटातूट झालेली." मग भर्ता आणि भार्या. भर्ता तो वाहणारा, भार्या ती जिला वाहायचं. "आता घराघरांत कोण कुणाला वाहतं ते विचारू नका," म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. हा वजनमापांच्या खात्यात आहे, दुकानादुकानांतून काटे तपासत हिंडतो. म्हणाला, "म्हणजे भर्ता मी. तरीच कंबर धरलीये." किती दिवसांनी हसलो दोघं. आतून सासूबाई म्हणाल्या, "हळू हसा."

तेवढंच. हळू हसा. मी लगेच हसायची थांबले. कुणाला ऐकू जाईल असं वाटलं मला? ठाऊक नाही. पण वाटलं.

२८ सप्टेंबर

अक्षर वाईट येतंय. येऊ दे.

सकाळी ऑफिसात कंबरेत कळ आली. बाथरूमला गेले. डाग. लहानच, पण डाग. भिंतीला धरून उभी राहिले आणि मनात एकच शब्द: झालं. मागच्या वेळीही असंच 'झालं' म्हटलं होतं.

बाहेर आले तर सर दारात. माझ्या तोंडाकडे बघितलं, मग स्वेटरकडे. काही विचारलं नाही. टॅक्सी बोलावली, स्वतः पुढे बसले आणि वाटभर ड्रायव्हरला "खड्डा बघा हो, खड्डा बघा" करत राहिले. रस्ता चांगला गुळगुळीत होता. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "साहेब, दाखवा तरी एखादा."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावर फिरवलं. मी त्यांच्या भुवयांकडे बघत होते. मग म्हणाल्या, "ठोके आहेत. पण पिशवीचं तोंड सैल पडतंय. उद्या टाका घालू. मग झोपून राहायचं."

"कधीपर्यंत?"

"बाळ येईपर्यंत."

बाळ. आमच्या घरात हा शब्द कुणी काढत नाही. आम्ही सगळे 'ते' म्हणतो. ते ठीक आहे ना. ते हललं का. बाईंनी तो सहज उच्चारला, जसा भाजीवाला कांदा म्हणतो.

१ ऑक्टोबर

टाका घातला. घरी आणलं. कॉट खिडकीशी ओढली, पायांकडच्या बाजूला खाली विटा.

सासूबाई तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न: "दोरा कसला वापरला?" मी म्हटलं, मी कशी विचारणार. तर म्हणाल्या, "विचारायचं. काम करणाऱ्याला दोरा विचारला की तो नीट काम करतो." दुपारी नवऱ्याला डॉक्टरीणबाईंना फोन करायला लावला. जाड, न विरघळणारा आहे असं कळल्यावर मान हलवली. त्यानंतरच जेवल्या.

५ ऑक्टोबर

सर आले. काखेत चपलांचा खोका, त्यात माझ्या चिठ्ठ्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. बराच वेळ माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत बोलले.

"मी म्हणत होतो, हा शब्द दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही 'बेग' घ्या. भीक मागणे. सोपा आहे."

"नको सर."

"'बिकम' घ्या मग."

"सर, अर्धवट सोडायचं नाहीये मला काही. आत्ता तरी नाही."

सरांनी खोका हळूच माझ्या उशाशी ठेवला, जणू काचेचा आहे. जाताना दारात सासूबाईंना म्हणाले, "यांना त्रास देऊ नका हं." सासूबाई म्हणाल्या, "चिठ्ठ्या तुम्ही आणल्यात."

१२ ऑक्टोबर

आज अस्वल. इंग्रजीत अस्वलालाही 'बेअर'च म्हणतात, पण त्याचं मूळ वेगळं. त्याची नोंद वेगळी लागते. सरांनी टिपण पाठवलंय: इंग्रजांच्या पूर्वजांकडे अस्वलाला एक खरं, जुनं नाव होतं. आपल्या ऋक्षाचं भावंड. पण जंगलात ते नाव घेतलं की अस्वल येतं या भीतीने लोक नुसतं 'तो तपकिरी' म्हणायला लागले. 'बेअर' म्हणजे तपकिरी, असं मानतात. खरं नाव कुणी घेईना, शेवटी ते विसरूनच गेले.

सासूबाई पायांना तेल लावत होत्या. विचारलं, "काय वाचतेस एवढं?" सांगितलं. ऐकून म्हणाल्या, "शहाणी माणसं होती."

"अहो, पण नाव गेलं ना कायमचं."

"नाव गेलं. माणसं राहिली. आपल्याकडे रात्री सापाला जनावर म्हणतात ते काय उगीच?"

मी हसणार होते. हसले नाही.

२० ऑक्टोबर

व्युत्पत्तीचा तुकडा लिहायला घेतला. एका मुळाची सगळी लेकरं एका ओळीत लावायची असतात. 'बर्थ' – जन्म. 'बर्डन' – ओझं. 'बॅरो' – ढकलायची हातगाडी. आणि 'बीअर' – दारू नव्हे, दुसरी. तिरडी. ज्यावरून माणसाला शेवटचं वाहून नेतात ती.

जन्म आणि तिरडी एकाच ओळीत, मध्ये नुसते स्वल्पविराम.

शास्त्र म्हणून त्यात काही नाही. वाहणे हा मूळ अर्थ. आत वाहिलं काय, खांद्यावर वाहिलं काय. मला हे नीट समजतं. समजून पेन खाली ठेवला. चिठ्ठी खोक्याच्या तळाशी घातली, वर 'डावीकडे वळणे'चा ढीग ठेवला. मागच्या वेळी तिरडी नव्हती. हॉस्पिटलच्या माणसाने टॉवेलात गुंडाळून नेलं. मला दाखवू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं की हो, तेही आता आठवत नाही. काहीतरी निळं आठवतं. टॉवेल असेल.

२९ ऑक्टोबर

मागच्या वेळी इथपर्यंतच.

३० ऑक्टोबर

सकाळपासून हललं नाही.

आधी स्वतःला म्हटलं, झोपलं असेल. चहा झाला, नवरा कामावर गेला. नाही. पोटावर हात ठेवून पडले. नाही. पोट म्हणजे नुसता दगड. छातीतली धडधड एवढी की बोटांना तीच लागत होती आणि दर वेळी वाटायचं हललं – आणि ती माझीच.

सासूबाईंना हाक मारायची होती. आवाजच फुटेना. हाक मारली की खरं होईल. मागच्या वेळी मी सांगितलं आणि मग ते खरं झालं, असं डोक्यात बसलंय. वेडेपणा आहे. पण तोंड उघडेना.

त्याच आल्या. माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत गेल्या. गार साखरपाणी घेऊन आल्या. "पी. घटाघट. आता डाव्या कुशीवर हो." मी झाले. त्या कॉटला टेकून जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तळहात माझ्या पोटावर ठेवला. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला. खाली कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

मग आतून लाथ. चांगली सणसणीत.

"हललं," त्या म्हणाल्या. माझ्याआधी.

उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडला. खूप वेळ नुसता नळ चालू होता, भांड्याचा आवाज नव्हता. पाणी वाया घालवणारी बाई नाही ती.

८ नोव्हेंबर

नवरा पाळणा बघून आला. बांधलेला नाही, सुट्या भागांचा, घरी जोडायचा. चित्र दाखवायला लागला. मी कागद फेकला. काय काय बोलले ते लिहीत नाही. तुला कशाचीच भीती वाटत नाही, तुझं काय जातंय, तुझ्या पोटात थोडंच आहे – असलं.

तो कागद उचलून घड्या घालत बसला. मग म्हणाला, "तुला भीती वाटली की तू आईकडे बघतेस. आईला भीती वाटली की ती भांडी घासते. मी कुणाला सांगू? दुकानात जाऊन काट्यांना सांगू?"

त्याने कागदाला अजून एक घडी घातली.

"मागच्या वेळी तू धड शुद्धीवर नव्हतीस," म्हणाला. "मला सही करायला लावली. त्यांनी वजन लिहिलं होतं कागदावर. मी रोज वजनं बघतो. तेवढ्या वजनाचं काहीही समोर आलं ना, डाळ, खिळे, काहीही, मी काटा दुसऱ्याला बघायला सांगतो."

हे मला ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं शेजारी झोपते मी याच्या. त्याचा हात पोटावर ओढून घेतला. आतलं शहाणं, लगेच हललं.

पाळणा मात्र आणू नको म्हटलं. तो हो म्हणाला.

१८ नोव्हेंबर

सासूबाई रोज दुपारी शेजारणीकडे जातात. तास-दीड तास. पूर्वी कधी उंबरा ओलांडत नव्हत्या. मी एकटी असते तेव्हा भिंतीपलीकडून घरघर ऐकू येते. काय असेल?

मला कंटाळल्या असतील. झोपून असलेल्या बाईचं करणं म्हणजे सोपं नाही. की त्यांना काही वाटतंय, आणि माझ्यासमोर चेहऱ्यावर दिसेल म्हणून निघून जातात? त्यांचा अंदाज चुकत नाही. तीच भीती वाटते.

२७ नोव्हेंबर

'बेअर'चं भूतकाळवाचक धातुसाधित दोन तऱ्हांनी लिहितात. शेवटी 'ई' असलेलं 'बॉर्न' म्हणजे वाहिलेलं. 'ई' नसलेलं 'बॉर्न' म्हणजे जन्मलेलं. कानाला दोन्ही एकच.

पहिल्याला मी वाहिलं. एक अक्षर गळायचं राहिलं.

३ डिसेंबर

शेजारीण दारात आली. मी एकटीच. म्हणाली, "सासूबाईंना सांगा, मशीनचं तेल संपलंय. येताना बाटली घेऊन या म्हणावं."

"कसलं मशीन?"

तिने जीभ चावली. मग सांगावंच लागलं. आमच्या घरातलं शिलाईचं मशीन मागच्या वेळेपासून चादर घालून कोपऱ्यात आहे. सासूबाई तिच्या मशीनवर शिवताहेत. झबली, टोपडी, दुपटी. "माझं कपाट भरलं हो," शेजारीण म्हणाली. "एक खण होता, आता दोन झाले. माझ्या नवऱ्याचे शर्ट खुर्चीवर आलेत."

सासूबाई आल्या तेव्हा मी तेलाचा निरोप दिला.

"घरात का नाही शिवलंत?"

"घरात शिवलं की कळतं."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? ज्याला कळू नये त्याला." मग कॉटच्या कडेवर बसल्या. कधी बसत नाहीत. "मागच्या वेळी इथे बसून शिवले. ढीगभर. मग सगळे उसवले. एकेक टाका. कुणाला द्यायचा धीर होईना, फेकवतही नव्हते. कापड परत कापडासारखं करून ठेवलं." आणि माझ्याकडे न बघता, "त्यातलंच आहे हे. कापड चांगलं होतं."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, थोडा वेळ. मग म्हणाल्या, "रडू नकोस. पोट हलतं."

१५ डिसेंबर

कंबर सकाळपासून धरून येते. जाते. येते. अजून दोन महिने तरी आहेत. कुणाला बोलले नाही. आता बोलते.

२१ डिसेंबर

लिहिता येतंय. बसून लिहितेय, हॉस्पिटलात, जनरल वॉर्ड, खिडकीकडची कॉट.

मुलगी आहे. जिवंत आहे. हे आधी लिहून ठेवते.

त्या दिवशी दुपारी कळा थांबेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाका काढावा लागेल, आता अडवलं तर पिशवी फाटेल. एवढे महिने ज्या दोऱ्यावर जीव टांगून होता तो त्यांनी काढून ट्रेमध्ये ठेवला. वीतभर दोरा. मी तो बघितला आणि ओरडायला लागले, की परत घाला. नर्स म्हणाली, "बाई, आता जोर लावायचाय. माझ्याकडे बघा." मी जोर लावेना. जोर लावला की ते बाहेर येणार, आणि बाहेर आलं की कळणार. आत आहे तोवर माझं आहे. दात आवळून धरून ठेवलं मी, खरंच, पोटच्या पोरीला बाहेर येऊ देईना.

नर्स वाकली. चिडली नव्हती. कानाशी म्हणाली, "धरून ठेवायचं काम झालं तुमचं. चांगलं केलंत. आता सोडा."

सोडलं.

मग शांतता. ती शांतता मला ठाऊक होती. पाय, पाण्याचा आवाज, कुणीतरी काहीतरी मागतंय, कुणीतरी देतंय. मी छताकडे बघत राहिले. मान वळवायची नाही असं ठरवलं. निळं काही दिसलं तर?

मग रडणं. बारीक, मांजराच्या पिलासारखं, चिडकं.

मला दाखवून लगेच काचेच्या पेटीत नेली. नवरा बाहेर होता. त्याला वजन सांगितलं: एक किलो सातशे. नर्स म्हणाली, हा विचारतो काय, तर "तुमचा काटा शेवटचा कधी तपासला होता?" तिला वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं. नंतर तो आत आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "काटा बरोबर आहे. मी बघितला."

२६ डिसेंबर

जंतुसंसर्ग झालाय. छोट्याशा पायात सुई. दिवसातून अनेकदा इंजेक्शनं. सुईला जागा मिळत नाही म्हणून आता डोक्याच्या शिरेत लावलीये. मी काचेच्या भोकातून हात घालते. तिची मूठ माझ्या बोटाचं टोकसुद्धा पुरतं धरत नाही.

डॉक्टर म्हणतात, औषध कडक आहे, पण पर्याय नाही. वाचवायचं तर द्यावंच लागेल. मी म्हटलं, द्या. काहीही द्या.

सासूबाई रोज येतात, काचेपलीकडे उभ्या राहतात, काही बोलत नाहीत. आज पहिल्यांदा म्हणाल्या, "बाळ झोपलंय." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनाही कळलं काय बोलल्या ते. परत एकदा म्हणाल्या. "बाळ झोपलंय."

११ जानेवारी

घरी आणली. शेजारणीच्या कपाटाचे दोन्ही खण आमच्या कॉटवर रिकामे झाले. सगळं मोठं होतं तिला. सासूबाई चादर काढून आमच्याच मशीनवर बसल्या आणि भर दुपारी घरघर करत सगळं लहान करत सुटल्या. नवरा पाळणा जोडायला बसला. एक पाय उलटा लावला.

मी हलू दिलं नाही तिला माझ्यापासून. श्वास मोजते. झोपली की बोट नाकाशी धरते. पूर्वी पोटावर हात होता, आता नाकाशी बोट.

२३ जानेवारी

सर मुद्रितं घेऊन आले. 'बेअर' छापून दोन पानं आणि वर चार ओळी. बाळाला लांबूनच बघितलं, हात मागे बांधून, संग्रहालयात बघतात तसं. "हिला व्युत्पत्ती विचारू नका एवढ्यात," म्हणाले.

मग खाकरले. "एक शब्द राहिलाय ओळीत. मला ठाऊक आहे का राहिला. मीही घातला नाही. तिरडी नाही म्हणून कुणाचं अडणार नाही."

मी मुद्रित जवळ ओढलं. 'बॅरो'नंतर स्वल्पविराम दिला आणि 'बीअर – तिरडी' लिहिलं. कोशात गाळलं म्हणून जगातून जात नाही. सरांनी वाचलं, घडी घातली. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

१८ फेब्रुवारी

वजन भरतंय. नवरा दर रविवारी खात्यातला काटा घरी आणतो. नियमात बसत नसावं.

शेजारीण म्हणते, गुणी पोर, दाराची बेल वाजो, मिक्सर चालो, हिची झोप मोडत नाही. सासूबाई म्हणाल्या, "बोलू नका तसं. गुणी म्हटलं की बिघडतात."

काल मी तिच्या नाकाशी बोट धरायचं विसरले. सकाळी आठवलं. आठवल्यावर आधी धस्स झालं, मग बरं वाटलं. असंच हळूहळू जात असेल भीती.

१४ एप्रिल

सासूबाईंच्या हातून पातेलं निसटलं. पाळण्याशेजारी, फरशीवर. मी दचकले. सासूबाई दचकल्या. ती छताकडे बघत पाय हलवत होती, तशीच हलवत राहिली.

सासूबाईंनी पातेलं उचललं. माझ्याकडे बघितलं. आणि हात उंच करून मुद्दाम खाली टाकलं.

मग मी तिच्या डोक्यामागे जाऊन टाळी वाजवली. हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्याने. काही नाही.

डॉक्टरांचं ते कडक औषध आठवलं. पुढे येऊन वाकले. माझं तोंड दिसल्याबरोबर ती हसली.